बायकोचा विपश्यना कोर्स आणि घरी राहिलेल्यांचा रिव्ह्यू

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या कोर्सवर जेवढे रिव्ह्यू वाचायला मिळतात ते सगळे कोर्सला बसून आलेल्यांचे असतात. पाय किती दुखले, चौथ्या दिवशी पळून जावंसं कसं वाटलं, दहाव्या दिवशी बोलायला मिळालं तेव्हा कसं वाटलं, वगैरे. घरी जे मागे राहतात त्यांचं कोणी लिहीत नाही, आणि मला बायको जायच्या आधी नेमकं तेच वाचायचं होतं, मिळालं नाही, म्हणून आता मीच लिहितोय. मी स्वतः कोर्स केलेला नाही. माझी बायको करून आली, त्याला दीड वर्ष होत आलं असेल, आणि तेव्हापासून ती रोज बसते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई. त्यामुळे हा रिव्ह्यू साधनेच्या पद्धतीचा नाही, ती साधना घरात आल्यावर घराचं काय होतं त्याचा आहे.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा कोर्स सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतला. ते मूळचे म्यानमारचे, १९२४ साली मंडालेला जन्म, व्यापारी घराणं, मायग्रेनने हैराण होते म्हणून १९५५ मध्ये तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकायला गेले, १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र उभं राहिलं. ते २०१३ मध्ये गेले, पण कोर्स आजही त्यांच्याच रेकॉर्ड केलेल्या सूचनांवर आणि प्रवचनांवर चालतो, समोर सहायक आचार्य असतात. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, मधे दहा तासांच्या आसपास ध्यान. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, त्याला आनापान म्हणतात, चौथ्या दिवशी विपश्यना देतात म्हणजे अंगावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत बघत जायच्या आणि त्यांना चांगलं वाईट म्हणून प्रतिक्रिया द्यायची नाही. फी नाही, आधी एक कोर्स पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. दहाव्या दिवशी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं, अकराव्या दिवशी सकाळी घरी.

घरच्यांच्या दृष्टीने पहिला मोठा मुद्दा म्हणजे मौन आणि मोबाइल. मोबाइल जमा करून घेतात. वाचायचं नाही, लिहायचं नाही, शेजारच्याशी खाणाखुणासुद्धा नाहीत. घरी काही इमर्जन्सी झाली तर सेंटरच्या ऑफिसला फोन करायचा, ते निरोप पोचवतात. हा नंबर जायच्या आधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे असायलाच हवा, आणि इमर्जन्सी कशाला म्हणायचं हे दोघांनी आधी ठरवून घ्यावं. आमचं ठरलं होतं की हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करायची वेळ आली तर कळवायचं, साधा ताप, शाळेतली भांडणं, पाहुणे, यातलं काही नाही. हे ठरलं होतं म्हणून धाकट्याला मधे ताप आला तेव्हा मला फोन करू की नको असं झालं नाही, आणि ती आल्यावर तिनेही मला का कळवलं नाहीस असं विचारलं नाही.

लहान मुलांना मात्र दहा दिवस आईचा आवाज नाही हे समजावणं सोपं नाही. धाकटा रोज रात्री विचारायचा की आई आत्ता काय करत असेल. मग आम्ही तिथलं टाइमटेबल छापून त्याच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ लावलं, तो घड्याळात बघून सांगायचा की आता आई प्रवचन ऐकतेय, आता झोपली. मुलं लहान असतील तर हे जरूर करा, आई कुठेतरी गायब झालीय यापेक्षा आई आत्ता या वेळी हे करतेय हे मुलांना फार सोपं जातं.

दुसरी गोष्ट घरकामाची. स्वयंपाकपाणी, कपडे, हे दिसणारं काम सगळ्यांना माहीत असतं, पण बाईच्या डोक्यात जे चालू असतं ते कोणालाच माहीत नसतं. कोणाची गोळी कधी संपते, शाळेत कुठल्या दिवशी कुठला युनिफॉर्म, फीची शेवटची तारीख, आईच्या डोळ्यांच्या ड्रॉप्सची वेळ, मोठीच्या मैत्रिणींपैकी सध्या कोणाशी बोलणं बंद आहे. जायच्या आधी आम्ही दोघं बसून हे सगळं वहीत उतरवलं आणि ती यादी बघून मी गप्पच झालो. इतकं सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं. ती वही अजून चालू आहे आणि त्यातली निम्मी कामं आता कायमची माझ्याकडे आहेत. अध्यात्माचा घरावर पहिला परिणाम काय झाला असं कोणी विचारलं तर मी ही वही सांगेन, आणि हा परिणाम तर तिने डोळे मिटायच्या आधीच झाला होता.

परत आल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस वेगळे असतात, त्याची कल्पना असू द्या. माणूस दहा दिवस शांततेत राहून आलेला असतो, कुकरची शिट्टी, टीव्ही, मुलांचा दंगा, सगळं त्याला चौपट ऐकू येतं. बायको आली तेव्हा चेहरा खूप मोकळा होता, हळू बोलत होती, आणि मुलांना जवळ घेऊन बराच वेळ रडली. मुलं घाबरली नाहीत कारण ती रडताना हसत पण होती. त्या दिवशी घरी पाहुणे बोलावू नका, लगेच सगळा हिशोब मांडू नका की तू नव्हतीस तेव्हा हे झालं ते झालं. आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसला जायचं असं ठेवू नका, एक दिवस जास्तीची सुट्टी काढलेली बरी.

इथपर्यंत सोपं आहे. दहा दिवस काय, कोणाचंही घर कसंतरी निभावून नेतं. खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती जायच्या आधी घरच्यांना कोणीच नीट सांगत नाही. कोर्स संपताना साधकाला सांगितलं जातं की घरी रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, झोपताना आणि उठल्यावर पाच मिनिटं, आठवड्यातून एकदा जमेल तिथे सामूहिक साधना, आणि वर्षातून एकदा दहा दिवसांचा कोर्स. म्हणजे दिवसाचे दोन तास. ज्या घरात दोघं नोकरी करतात, मुलं शाळेत आहेत, एक वयस्कर माणूस आहे, त्या घरात रोजचे दोन तास रिकामे पडलेले नसतात. ते कुठून तरी येतात, म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचे जातात. कधी झोपेचे, कधी नवराबायकोच्या गप्पांचे, कधी मुलांच्या अभ्यासाचे. माझं स्पष्ट मत असं आहे की ज्याला साधना करायची आहे त्याने आणि घरच्यांनी मिळून हे दोन तास कुठून काढायचे ते उघड बोलून ठरवलं पाहिजे, नाहीतर ते आपोआप घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याचे जातात.

सकाळचा तास आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच बसला. ती पाचला उठून बसते, सहाला घर जागं होतं. संध्याकाळचा तास मात्र बरेच महिने छळत होता. आधी सातची वेळ ठेवली, तर तेव्हाच मुलांचा अभ्यास, स्वयंपाक आणि आईची औषधं, ती आत डोळे मिटून आणि बाहेर आम्ही तिघं दाराकडे बघत. मग मुलं झोपल्यावर बसून बघितलं, तर दिवसभर थकलेला माणूस बसल्या बसल्या पेंगायला लागतो, ती स्वतःच म्हणाली की ही साधना नाही, बसून झोप आहे. शेवटी असं ठरलं की ऑफिसमधून आली की हातपाय धुऊन सरळ आत जायचं, कोणाशी काही बोलायच्या आधी. मी माझं ऑफिसचं टायमिंग अर्धा तास अलीकडे घेतलं. मुलांचा अभ्यास आणि संध्याकाळचं खाणं माझ्याकडे. दार लावलेलं असेल तर रक्त आलं किंवा आजीला बरं वाटत नसेल तरच वाजवायचं, बाकी सगळं तासाभराने सांगायचं, हा नियम मुलांनी पाळायला सुरुवात केली तेव्हा मला स्वतःला आश्चर्य वाटलं. आणि बाहेर आल्यावर पहिली पंधरा मिनिटं ती मुलांची, फोन नाही, काम नाही. ही अट मोठीने घातली होती आणि बायकोने ती एकदाही मोडली नाही. मला वाटतं मुलांनी तो बंद दरवाजा मनापासून मान्य केला तो या पंधरा मिनिटांमुळे.

नवराबायकोच्या नात्याबद्दल पण लिहितो, कारण फॉर्म भरायच्या वेळी हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि विचारायला संकोच वाटतो. कोर्सच्या काळात ब्रह्मचर्य पाळावं लागतं, स्त्री-पुरुषांची राहायची, जेवायची व्यवस्था वेगळी असते, नवराबायको बरोबर गेले तरी बोलायचं नाही. घरी आल्यावर तसं काही नाही. गृहस्थाने पाच शीलं पाळायची, त्यात तिसरं शील व्यभिचार न करण्याचं आहे, संसार सोडण्याचं नाही. तेव्हा ती भीती बाळगू नका. खरा बदल झोपेमुळे होतो. पाचला उठणारा माणूस दहाच्या आत झोपतो, आणि आमच्या गप्पा वर्षानुवर्षं दहाच्या पुढेच व्हायच्या. मुलं झोपली की मग दिवसभराचं बोलणं, कधी नुसतंच शेजारी बसून काहीतरी बघणं. ते एकदम बंद पडलं आणि मला त्याची उणीव फार जाणवली, मी ते तिला सांगितलं पण. आता रात्रीच्या जेवणानंतर आम्ही दोघंच चालायला जातो, मुलं आजीजवळ. गप्पा तेवढ्याच होतात, किंबहुना जास्त, कारण समोर स्क्रीन नसते.

आता सगळ्यात अवघड भाग. सुरुवातीचे काही महिने ती इतकी शांत झाली की त्या शांततेचाच त्रास व्हायला लागला. मला ऑफिसमध्ये एका प्रकरणात विनाकारण गोवलं होतं, नोकरीवर गदा येतेय की काय अशी वेळ होती, मी घरी येऊन सगळं सांगितलं आणि ती शांतपणे म्हणाली, हेही बदलेल, सगळं अनित्य आहे. तात्त्विकदृष्ट्या बरोबर असेल, पण त्या क्षणी मला तत्त्व नको होतं, माझ्या बाजूने चिडणारं माणूस हवं होतं. आधीची ती असती तर माझ्या वरिष्ठांना दोन शिव्या घालून मग उपाय सुचवला असता. मुलीचंही तसंच झालं. तिचं मैत्रिणीशी बिनसलं होतं, ती रडत होती आणि आई म्हणाली, रडू येतंय ना, ते बघ फक्त. मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, बाबा, आई हल्ली ऐकते पण तिला काही होतच नाही. हे वाक्य मी विसरणार नाही.

जॉन वेलवुड नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः बौद्ध साधक, त्यांनी १९८० च्या दशकातच याबद्दल लिहून ठेवलंय की माणसं आध्यात्मिक साधनेचा वापर आपल्या न सुटलेल्या भावना आणि जखमा टाळण्यासाठी करतात. म्हणजे हे आमच्याच घरात झालं असं नाही, आणि विपश्यनेतच होतं असंही नाही. नामस्मरण, योग, सत्संग, कशातही होऊ शकतं. नवीन साधकाला शांतता इतकी प्रिय असते की ती बिघडेल या भीतीने तो माणसांपासूनच चार हात लांब राहतो.

आमच्यात यावरून बोलणं झालं, एकदा नाही बऱ्याचदा, चालायला जायचो तेव्हाच. मी साधना बंद कर असं कधी म्हटलं नाही, कारण तिला त्यातून मिळत होतं ते मला दिसत होतं. मी एवढंच म्हणत होतो की मला तू हवी आहेस, तुझा समभाव नको. तिने ते मनावर घेतलं, जुन्या साधकांसाठी एक दिवसाचा कोर्स असतो त्याला गेली, तिथे आचार्यांशी बोलली, आणि हळूहळू स्वतःच तिच्या लक्षात आलं की ती संवेदना बघत नव्हती, दाबत होती. शिकवणीत तर स्पष्ट आहे की विकार दाबायचाही नाही आणि उधळायचाही नाही, नुसता बघायचा, आणि शेवटच्या दिवशी मैत्री शिकवतात ती उगाच नाही. आता काय होतं तर ती म्हणते, थांब, मला आत्ता राग आलाय, दहा मिनिटांनी बोलू. आणि खरंच दहा मिनिटांनी बोलते, पूर्ण बोलते, विषय सोडत नाही. आधी राग आला की दोन दिवस अबोला असायचा. मधल्या काळात रागच नाही असं दाखवलं जायचं. आता राग येतो, सांगितला जातो, आणि त्याच संध्याकाळी संपतो. साधना घरात रुजली की नाही याची माझ्यापुरती खूण हीच. माणूस किती वेळ बसतो आणि किती शांत दिसतो याने काही कळत नाही, घरातलं दुसरं माणूस दुखावलं असताना ते त्याच्यापर्यंत पोचतं का, हे बघावं.

हे सगळं चालू असताना मला सारखी आवलीची, म्हणजे तुकोबांच्या बायकोची, जिजाईची आठवण यायची. तुकोबांचे अभंग आपण डोक्यावर घेतो आणि ते योग्यच आहे, पण घरात पोरंबाळं, दुष्काळातून सावरलेला संसार आणि नवरा विठ्ठलात बुडालेला, अशा घरात चूल पेटती ठेवायचं काम जिजाईने केलं आणि तिला आपण पिढ्यान्‌पिढ्या कजाग म्हणत आलो. तिची बाजू मला आता जास्त कळते. आणि दुसऱ्या टोकाला संत बहिणाबाई आहेत, त्यांच्या भक्तीवरून नवऱ्याने त्यांचा अतोनात छळ केला, मारहाण केली, हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवलंय, पुढे त्याचं मन पालटलं पण मधली वर्षं तिने सोसली ती सोसलीच. आपल्या घरात साधना करणारी बाई असेल तर नवऱ्यांनी बहिणाबाईंचे ते अभंग जरूर वाचावेत. बाईने स्वतःसाठी मागितलेला तास घराला नेहमीच जास्त खुपतो, पुरुषाने मागितला तर घर लवकर जुळवून घेतं, हे मी आजूबाजूला बघितलंय.

या परंपरेबद्दल मला आदर वाटतो त्याचं एक कारण असं की ती संसारी माणसांच्या हातून आलीय. म्यानमारमध्ये लेडी सयाडो या भिक्खूंनी सामान्य लोकांना साधना खुली केली, त्यांचे शिष्य सया तेजी शेतकरी होते, त्यांचे शिष्य ऊ बा खिन स्वतंत्र बर्माचे पहिले अकाउंटंट जनरल, मुलाबाळांचा संसार सांभाळून ऑफिसातच साधना शिकवायचे, आणि त्यांचे शिष्य गोयंका सहा मुलांचे वडील, शिकवायला बसायचे तेव्हा शेजारी पत्नी इलायचीदेवी असायच्या. बुद्धांनी गृहस्थासाठी काय सांगितलं ते दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आहे. सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना नमस्कार करत असतो, त्याला ते सांगतात की आईवडील ही पूर्व दिशा, पत्नी-मुलं पश्चिम, अशी ही माणसं म्हणजेच तुझ्या दिशा, आणि नवऱ्याने बायकोचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा असं सगळं त्यात आहे. बायकोने मला हे वाचून दाखवलं तेव्हा मला बरं वाटलं. साधना आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं निदान शिकवणाऱ्याने तरी म्हटलेलं नाही.

शीलांचा घरावर होणारा परिणाम मी आधी धरलाच नव्हता. मला वाटलं होतं ध्यान एवढंच असेल. पण चौथं शील म्हणजे खोटं न बोलणं, आणि आपल्या घरांत दिवसभरात किती बारीक खोटं बोललं जातं ते तेव्हा कळतं. फोन आला की बाबा घरी नाहीत सांग, हे बंद झालं. शाळेला सुट्टीचं खोटं कारण लिहून द्यायचं, तेही बंद. मुलांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं, आता मोठीच मला टोकते. पहिलं शील जीव न मारण्याचं, त्यामुळे झुरळं आणि पेस्ट कंट्रोल यावर घरात खरोखर गंभीर चर्चा झाली, आईला दमा आहे त्यामुळे तिची बाजू वेगळी होती, शेवटी भेगा बुजवणं, ओलं-खरकटं रात्री न ठेवणं असे उपाय कसोशीने केले आणि बराच फरक पडला. पाचव्या शीलामुळे मित्रमंडळींच्या पार्ट्यांत ती पीत नाही, बहुतेकांना काही फरक पडला नाही, एक-दोन कुटुंबांनी बोलावणं कमी केलं. त्याचं मला थोडं वाईट वाटतं, तिला नाही वाटत.

आईचा प्रश्न नाजूक होता. आई आयुष्यभर नामस्मरण करणारी, तिला वाटलं सुनेने देव सोडला, धर्म बदलला. कोर्समध्ये त्या काळापुरते जप, पूजा, उपास बंद ठेवायला सांगतात आणि पुढेही या साधनेत दुसरी पद्धत मिसळू नका म्हणतात, एवढं ऐकूनच ती धास्तावली. पण कोणी कोणाचा धर्म बदलत नाही, सगळ्या धर्मांचे लोक येतात, हे बायकोने तिला नीट सांगितलं. आणि सांगण्यापेक्षा वागण्याने पटलं, घरातल्या पूजेला ती पूर्वीसारखीच आईच्या शेजारी बसते, फक्त तिच्या त्या दोन तासांत दुसरं काही मिसळत नाही. हल्ली पहाटे आई तिच्या खोलीत माळ ओढत असते आणि ही तिच्या खोलीत बसलेली असते. आई मला म्हणाली, तिच्या आवाजातली धार गेली रे. सासूकडून याहून मोठं सर्टिफिकेट काय असणार.

प्रचाराचा एक काळ येतो, तो सगळ्यांच्याच घरी येतो असं दिसतं. कोर्स करून आलेल्याला इतकं मिळालेलं असतं की भाऊ, बहीण, ऑफिसमधली मैत्रीण, नवरा, सगळ्यांनी उद्याच जाऊन करावं असं वाटतं. त्यामागे प्रेमच असतं, पण समोरच्याला ते आपल्यात खोट काढल्यासारखं ऐकू येतं. आमच्याकडे साध्या भांडणातसुद्धा एकदा, तू बसला असतास तर तुला कळलं असतं, असं वाक्य आलं. मी तेव्हाच सांगितलं की हे वाक्य या घरात नको, मी बसलो नाही तरी माझं म्हणणं खरं असू शकतं. त्यानंतर ते पुन्हा आलं नाही, आणि गंमत नाही, खरं सांगतो, त्यानंतरच मला त्या साधनेबद्दल विचारावंसं वाटायला लागलं.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. हा कोर्स हलका नाही. फॉर्ममध्ये शारीरिक आणि मानसिक आजार, चालू औषधं यांची माहिती विचारतात, ती घरच्यांनी बरोबर बसून खरी भरावी, काही लपवू नये. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना हा कोर्स सुचवत नाहीत. २०१७ मध्ये लिंडाल आणि ब्रिटन या अमेरिकन संशोधकांचा एक अभ्यास प्लॉस वन या नियतकालिकात आला, पाश्चात्त्य देशांतल्या बौद्ध साधकांच्या आणि शिक्षकांच्या सविस्तर मुलाखतींवर, आणि त्यात ध्यानामुळे येणाऱ्या अडचणी सात गटांत मांडल्यात, त्यातला एक गट माणसांमधल्या संबंधांचा, सामाजिक वागण्याचा आहे. म्हणजे ध्यानाचा त्रास फक्त डोकं दुखणं, झोप न लागणं असा नसतो, तो नात्यांतही दिसतो आणि तो आधी घरच्यांनाच दिसतो. आलेलं माणूस कित्येक रात्री झोपतच नसेल, काही खरं वाटत नाही म्हणत असेल, मुलांकडे बघवत नसेल, तर साधना चाललीय म्हणून वाट बघत बसू नका, कोर्सच्या आचार्यांनाही कळवा आणि डॉक्टरांकडेही न्या. आणि लग्नात मोठं काही बिनसलं असेल तर त्यावर उपाय म्हणून एकाने कोर्सला जाणं मला पटत नाही, आधी दोघांनी बोलावं, लागलं तर समुपदेशकाकडे जावं, मग कोर्स.

मुलांच्या बाबतीत, शाळेच्या वयाच्या मुलांसाठी आनापानाचे छोटे कोर्स असतात. मोठी स्वतःहून म्हणाली म्हणून तिला पाठवलं, परीक्षेच्या आधी दहा मिनिटं बसते, कधी बसत नाही, आम्ही विचारत नाही. धाकट्याला नको आहे, तर नको.

मी जाणार का, हे सगळे विचारतात. या वर्षी नाही, कारण या वर्षी पुन्हा तिची पाळी आहे, आणि दोघांनी एका वर्षात वीस दिवस घराबाहेर राहणं आईच्या तब्येतीमुळे जमणार नाही. पुढच्या वर्षी मी जाईन असं दोघांनी ठरवलंय, वहीत लिहिलंय पण.

रेटिंग द्यायचंच तर घरी राहिलेला माणूस म्हणून मी साडेचार देईन. अर्धा स्टार राखून ठेवलाय तो संध्याकाळच्या तासासाठी, तो मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत अजूनही कुठेच बसत नाही, गेल्या वेळी तिने तो महिनाभर अर्धा तासच केला आणि मी स्वयंपाकाला बाई लावली, यंदा काय करायचं ते चालताना ठरवतोय. ज्यांच्या घरी हा प्रश्न नीट सुटलाय त्यांनी खाली जरूर लिहा, विशेषतः दहावी-बारावीची मुलं असलेल्यांनी.